पट्टाया, तुझा दिवस आम्ही कधी पाहणार?

प्रिय पट्टाया,

तुझं नाव काढलं की आमच्याकडे ऐकणारा आधी गालातल्या गालात हसतो आणि मग विचारतो, "कोणाकोणाबरोबर?" म्हणून सहकुटुंब निघालेला माणूस रजेचा अर्ज देतानाच खुलासा जोडतो, "फॅमिली ट्रिप आहे हं." सिंगापूरला निघालेल्यावर ही वेळ येत नाही, दुबईला निघालेल्यावरही नाही. गावोगावचे सिमेंटचे, रंगांचे, खत-बियाण्यांचे विक्रेते वर्षाचं टार्गेट गाठलं की कंपनीच्या खर्चानं तुझ्याकडे येतात, दोन रात्री राहतात आणि परत येऊन जे सांगतात (किंवा सांगायचं टाळतात) त्यावर तुझी इथली ओळख ठरते. त्यांनी जे मागितलं तेच तू दाखवलंस. हा अर्धा भाग मात्र त्यांच्या बोलण्यात कधी येत नाही.

म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे. त्यातलं निम्मं तुला आहे, निम्मं आमच्या माणसांना.

तू मूळचं कोळ्यांचं गाव. थायलंडच्या आखाताच्या पूर्व किनाऱ्यावर, बँकॉकपासून दीडशेएक किलोमीटरवर. 1960 च्या आसपास कोराटच्या तळावरचे अमेरिकन सैनिक सुटीला तुझ्या वाळूवर येऊ लागले. मग व्हिएतनामचं युद्ध पेटलं, दक्षिणेला ऊ-तापाओचा विमानतळ उभा राहिला, तिथून बी-52 बॉम्बफेकी विमानं उडू लागली. 1967 मध्ये थाई सरकारनं अमेरिकी सैनिकांच्या विश्रांती-करमणुकीसाठी रीतसर करारही केला. लढाईवरून आलेल्या पोरसवदा शिपायांच्या खिशात डॉलर होते आणि हातात थोडेच दिवस. तुझी रात्र त्या हिशेबानं घडली. 1976 पर्यंत अमेरिकी सैन्य निघून गेलं. बार, खोल्या आणि कामाला आलेल्या बायका मागे राहिल्या. रिकाम्या खुर्च्यांवर मग युरोपातले पर्यटक बसले, पुढे रशियन, चिनी आणि आता आम्ही. 2023 च्या नोव्हेंबरात भारतीयांना व्हिसामुक्त प्रवेश मिळाल्यावर तर तुझ्या रस्त्यावर मराठी कानावर पडणं नवलाचं राहिलं नाही.

पण तुझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला तू दोन घड्याळं देतोस हे फार थोड्यांना कळतं. रात्रीचं सगळ्यांना पाठ आहे. मला बोलायचं आहे ते सकाळच्या घड्याळाबद्दल.

सकाळी उत्तरेला नाकलुआला जावं. लान पो बाजारात खेकडे, कोळंबी, शिंपल्या, माकूळ यांचे ढीग लागलेले असतात. थाई कुटुंबं मासळी निवडतात, बाहेरच्या शेगड्यांवर भाजून घेतात आणि शेजारच्या बागेत चटई टाकून जेवतात. आजीपासून तान्ह्यापर्यंत सगळे. पर्यटकांना आकर्षित करायला तिथे काहीही केलेलं नाही, आणि म्हणूनच मुलांना तिथे न्यावं. मालवण-मुरुडच्या लिलावात वाढलेलं पोर तिथे अर्ध्या तासात रमतं.

तिथून जवळच समुद्राच्या कडेला लाकडाचा तो अवाढव्य प्रासाद आहे, सँक्च्युअरी ऑफ ट्रुथ. लेक विरियाफान या उद्योगपतीनं 1981 मध्ये तो बांधायला घेतला. 2000 साली ते वारले, काम अजून चालू आहे. उंची 105 मीटर, सगळं लाकूड, आणि सांधे खुंट्या-खाचांचे. खारा वारा आणि ऊन एका बाजूनं कोरीव काम खात जातात, कारागीर दुसऱ्या बाजूनं नवं घडवत जातात. आत जाणाऱ्याला डोक्यावर हेल्मेट घालावं लागतं, कारण तुम्ही चालू कामावर आलेले असता. मुलांना मंदिरं दाखवून कंटाळा आणता येतो. इथे मात्र पटाशी-हातोडी चालवणारी बाई समोर बसलेली दिसते आणि मुलं तिच्यासमोरून हलत नाहीत. गणपती, ब्रह्मदेव, रामायणातली मंडळी, बुद्ध, सगळे एकाच छताखाली आहेत. आमच्याकडच्या आजी-आजोबांना तिथे वाटाड्याची गरज पडत नाही.

दक्षिणेला नोंग नूच बाग. तानसाचा दांपत्यानं 1954 मध्ये फळबागेसाठी जमीन घेतली, पुढे परदेशातल्या बागा पाहून बेत बदलला आणि 1980 मध्ये ती लोकांसाठी खुली केली. सुमारे सहाशे एकर. आमचे लोक तिथल्या डायनासोरांच्या पुतळ्यांपुढे फोटो काढून बसमध्ये परततात. खरी दौलत आहे ती सायकॅड झाडांची. डायनासोरांच्या काळापासून टिकून राहिलेलं हे झाडांचं कूळ आहे, आणि त्याचा जगातल्या मोठ्या संग्रहांपैकी एक इथे आहे. म्हणजे सिमेंटच्या डायनासोरासमोर पोर उभं असतं आणि त्या काळाचा जिवंत वारस बाजूच्या वाफ्यात असतो. गाईडनं एवढं एक वाक्य सांगितलं तर मुलांचा दिवस सार्थकी लागेल.

जवळच खाओ ची चान. 1996 मध्ये राजा भूमिबोल यांच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली तेव्हा खाणीनं कापलेल्या डोंगराच्या उभ्या कड्यावर लेझरनं बुद्धाची रेखाकृती कोरली आणि तिच्यात सोनं भरलं. शंभर मीटरहून उंच. आणखी खाली सत्ताहिपला थाई नौदलाचं समुद्री कासवांचं केंद्र आहे. तिथे टाक्यांमधून कासवांची पिल्लं वाढवतात आणि मोठी झाली की समुद्रात सोडतात. वेळास-आंजर्ल्याचा कासव महोत्सव पाहिलेल्या मुलांना तिथे विचारायला प्रश्न असतात, आणि प्रश्न घेऊन आलेल्या मुलासारखा दुसरा पर्यटक नाही. उलट दिशेला, सी राचाजवळच्या खाओ खिओ प्राणिसंग्रहालयात 2024 च्या जुलैत मू डेंग नावाची बुटक्या पाणघोड्याची पोर जन्मली आणि जगभर गाजली. तिला उठवायला लोक वस्तू फेकू लागले, तेव्हा प्रत्येकाला पाचच मिनिटं बघू देण्याचा नियम करावा लागला. ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी. बघण्यालाही शिस्त लागते.

आणि या सगळ्यात मुलांना सर्वांत आवडतं काय, तर तुझी सोंगथेव. निळी उघडी गाडी, मागे समोरासमोर दोन बाक. बीच रोडनं दक्षिणेकडे जाते, सेकंड रोडनं उत्तरेकडे येते, दिवसभर हेच रिंगण. हात दाखवायचा, चढायचं, उतरायचं तिथे बटण दाबायचं, खाली उतरून ठरलेले पैसे द्यायचे. फक्त चढताना भाव विचारायचा नाही. विचारला की तीच गाडी भाड्याची होते आणि आकडा वाढतो. बटण दाबायचा मान घरातल्या धाकट्याला दिला की दिवसभराची भांडणं मिटतात.

आता तक्रारी. तुझ्यावर प्रेम आहे म्हणून त्या गाळणार नाही.

आमच्या पॅकेजमध्ये तुझा दिवस म्हणजे स्पीडबोटीनं को लान, ज्याला आमच्याकडे कोरल आयलंड म्हणतात. वाटेत पॅरासेलिंगचा तराफा, मग गर्दीची तावेन चौपाटी, मग भारतीय जेवण आणि शेवटी रत्नांच्या दुकानात दोन तास. बाली हाय धक्क्यावरून साधी फेरीबोट त्याच बेटावर पाऊण तासात जाते आणि तिथून सामेसारख्या शांत चौपाटीवर पोचता येतं, हे कोणी सांगत नाही. 2013 मध्ये या बेटावरून परतणारी फेरी बुडून माणसं दगावली. तेव्हापासून मी कोणत्याही बोटीत मुलाच्या अंगाला लाइफ जॅकेट बसल्याशिवाय बसत नाही. तूही कोणाला बसू देऊ नकोस. भाड्याची जेट-स्की परत करताना जुनाच ओरखडा दाखवून भरपाई उकळण्याचा प्रकार तुझ्या किनाऱ्यावर इतका जुना आहे की लोक आता आधी व्हिडिओ काढून मगच पाण्यात उतरतात. बापाशी चाललेली ती हुज्जत मुलं बघत असतात. आणि हत्तीला फुटबॉल खेळवणं, वाघाला साखळीनं बांधून फोटो काढणं याला कुटुंबाची करमणूक म्हणू नकोस. कासवं समुद्रात सोडणारा आणि हत्तींना नाचवणारा किनारा एकच असेल, तर मुलांनी नेमकं शिकायचं काय?

शेवटची तक्रार आमच्याच माणसांबद्दल आहे. जेवणं झाल्यावर टूर मॅनेजर सांगतो, "चला, वॉकिंग स्ट्रीट नुसता बघून येऊ." मग वीस-पंचवीस जणांचा आमचा जथा, खांद्यावर लेकरं, हातात मोबाइल, त्या झगमगाटातून फिरतो. दारादारांत नंबर लावून उभ्या असलेल्या पोरींचे व्हिडिओ निघतात. काकू तोंडावर पदर घेऊन हसतात, काका पुढे पुढे चालतात. मुलाला बारमध्ये नेणारा बाप वाईट, हे सगळ्यांना पटतं. वीस वर्षांखालच्यांना तिथे कायद्यानंही मज्जाव आहे. पण राबणाऱ्या बायकांना प्रेक्षणीय स्थळ समजून मुलांना दाखवत फिरणाऱ्याला आम्ही हौशी म्हणतो.

त्या पोरींतल्या खूप जणी ईशान्येच्या इसानमधल्या. पावसावरची भातशेती, कर्ज, आणि शिक्षण अर्ध्यावर सुटलेलं. अनेकींची मुलं गावी आजीकडे वाढतात आणि महिन्याला इथून पैसे जातात. घराचं छप्पर, शाळेचा गणवेश, आजीचं औषध, सगळं त्यातून. गिरणगावात एकट्यानं राहून कोकणात मनीऑर्डर धाडणाऱ्या चाकरमान्यासारखंच हे. फरक एवढा की त्याला युनियन होती आणि गावात मान होता. हिच्या कामाला 1996 च्या कायद्यानं गुन्हा ठरवलं आहे, आणि ते चालतं मात्र दिव्यांच्या लखलखाटात. जे कायद्याच्या लेखी नाहीच, त्याला ना रजा, ना विमा, ना बुडवलेल्या पगाराची दाद.

म्हणून मला वाटतं, तू आजही कुटुंबांचंच शहर आहेस. तुझ्या रात्रीवर हजारो घरं जगतात. ती घरं इसानात आहेत, फोटोत येत नाहीत, एवढंच. "फॅमिली डेस्टिनेशन" म्हणून तू नवे वॉटर पार्क उघडतोस, मॉल उभारतोस, त्याबद्दल आनंदच आहे. पण जाहिरातीतलं कुटुंब सुखवस्तू पाहुण्यांचं असतं. यजमानांचं कुटुंब त्यात कुठे आहे?

मुलांनी विचारलंच, "ही कोण?" तर काय सांगायचं? मी सांगते, "कामाला आलेली आहे, घर लांब आहे." पुरतं. ते खोटं नाही, आणि त्यात हसण्यासारखं काही उरत नाही. तुझ्या टिफनीच्या रंगमंचाबद्दलही तेच. 1974 पासून तिथे तृतीयपंथी कलाकार नाचतात, गातात, शेकडो लोकांना दिपवून टाकतात. आमची कुटुंबं तो शो बघतात, बाहेर त्यांच्यासोबत फोटो काढतात आणि बसमध्ये चढल्यावर नकला करतात. तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींना घेऊन तो शो खुशाल बघावा. मात्र नंतर टाळ्या आठवाव्यात, थट्टा नको.

हे सगळं तुला लिहिण्यामागे थोडा स्वार्थही आहे. आमच्या पणजीत मांडवीच्या पात्रात कॅसिनोची जहाजं उभी आहेत आणि संध्याकाळी तीच रोषणाई बघत लोक पोराबाळांना घेऊन काठानं फिरतात. रात्रीच्या पैशावर दिवस चालवायचा की दिवसाला स्वतःचं काही उभं करायचं, हा प्रश्न आता तिथेही आहे. तू जे करशील त्यातून पणजीला शिकता येईल.

तेव्हा मागणं असं. पदपथ सलग ठेव, म्हणजे बाबागाडी रस्त्यावर उतरवावी लागणार नाही. मोठा पाऊस झाला की रस्त्याचं पाणी चौपाटीची वाळू कापून नेतं, त्या गटारांचं आधी बघ. प्रत्येक बोटीत मुलांच्या मापाची जॅकेटं ठेव. जेट-स्की देताना तिचा फोटो काढणं मालकाला सक्तीचं कर. हत्तींना खेळातून मोकळं कर. आणि रात्री उभ्या राहणाऱ्या बाईला कामगाराचे हक्क मिळावेत म्हणून बँकॉकमध्ये जो कायदा वर्षानुवर्षं चर्चेत अडकला आहे, त्याच्या बाजूनं तुझं वजन टाक. कारण त्याची सर्वांत जास्त गरज तुझ्याच रस्त्यांवर आहे.

पाहुण्या मुलांसाठी समुद्र, बागा, कासवं तुझ्याकडे आहेतच. इसानातल्या मुलांना आई सुटीत चार दिवस इथे बोलावून घेऊ शकेल, समुद्र दाखवू शकेल, ज्या दिवशी तिला ते परवडेल आणि त्याची लाज वाटणार नाही, त्या दिवशी तू "फॅमिली डेस्टिनेशन" आहेस असं मी स्वतः लिहीन.

तुझी,
सहकुटुंब येणारी एक मराठी प्रवासी