सांगायची वेळ

झाशीच्या नगऱ्यात माझ्या मावशीचं घर आहे. रेल्वे कारखान्याजवळची वस्ती, बाहेर हिंदी-बुंदेली, उंबऱ्याच्या आत मराठी. केमो सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी मावशी मला म्हणाली, "कोणाला बोलू नकोस रे. धाकटीचं लग्न पार पडू दे, मग मीच सांगेन." तिच्याच फोनवर मी विग शोधले आणि एक-दोन तिला दाखवले.

दोन दिवसांनी धाकटी तोच फोन घेऊन समाजमाध्यमावर साड्यांचे फोटो बघत होती. फोटोंच्या मधे विगची जाहिरात आली. मग केमोनंतर घालायच्या टोपीची. मग पुन्हा विगची. तिचं बोट थांबलं. तिनं आईकडे पाहिलं.

फोन कोणी चोरून ऐकला नव्हता. अनेक ऑनलाइन दुकानांच्या पानांत बारीकसा कोड बसवलेला असतो. कोणी काय पाहिलं, हे तो समाजमाध्यमाला कळवतो. जाहिरातदाराला मावशीचं नाव ठाऊक नसतं, त्याची गरजही नसते. अशा वस्तू शोधणारी माणसं, एवढंच तो विकत घेतो. नाव न घेताही गुपित फुटतं.

रात्री मावशी म्हणाली, "कळलं त्याचं दुःख नाही. पण मला सांगायचं होतं."

याच झाशीचा १८५८चा वेढा वरसईच्या गोडसे भटजींनी डोळ्यांनी पाहिला. पुढे त्यांनी तो लिहून काढला, पण आपल्या मृत्यूनंतरच छापावा, अशी इच्छा ठेवली. त्यांचं 'माझा प्रवास' हे पुस्तक १९०७ साली प्रसिद्ध झालं. आपली हकिकत कोणाला आणि केव्हा सांगायची, हे त्यांनी स्वतः ठरवलं. खासगीपणा म्हणजे मला वाटतं हेच. त्यात लपवाछपवी नाही, सांगणाऱ्याचा मान आहे.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं खासगीपणाला मूलभूत हक्क म्हटलं. २०२३च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं मुलांवर रोखलेल्या जाहिरातींना मनाई करणारी तरतूद केली. आजारी माणसालाही तेवढंच जपायला हवं. 'मान्य आहे' हे बटण दाबताना मावशीनं आपलं दुखणं वाटायला संमती दिली, असं मी कधीच मानणार नाही.

लग्न झालं, पाहुणे गेले. मग मावशीनं एकेका भावंडाला स्वतः फोन करून सांगितलं, शांतपणे, आपल्या शब्दांत. धाकटीला तसं सांगणं तेवढं राहून गेलं.