नववा विभाग

आमच्याकडे माणसाला नाव आणि गाव एकाच श्वासात विचारतात. आडनावाच्या शेवटी 'कर' लागला की दुसरा प्रश्न विचारायचे कारण उरत नाही, असा समज आहे. वस्तुतः ज्या गावावरून आडनाव पडले ते गाव त्या घराण्याने बहुधा केव्हाच सोडलेले असते. वसमतेतच राहणाऱ्याला वसमतकर म्हणून वेगळे ओळखायची गरज ती कोणाला? म्हणजे हा प्रत्यय पत्ता सांगत नाही, पत्ता बदलल्याची नोंद सांगतो.

हे सुचायचे निमित्त संगणकाचे. आमचे एक माजी विद्यार्थी पुण्यात ह्याच उद्योगात आहेत. त्यांनी समजावले ते असे : सर, आपण रेल्वेचे तिकीट काढतो तेव्हा पलीकडे एक यंत्र बसलेले नसते. एकाच सेवेच्या अनेक प्रती अनेक यंत्रांवर चालू असतात. एक बंद पडते, तिच्या जागी दुसरी भलत्याच यंत्रावर सुरू होते आणि तिला नवा क्रमांक मिळतो. गर्दी वाढली की प्रती वाढतात, ओसरली की मिटतात. मागणाऱ्याने ह्याची दखलही घ्यायची नाही. त्याने नाव घ्यावे; ह्या क्षणी त्या नावामागे कोण हजर आहे आणि कामाला तयार आहे, ह्याची वही मध्ये कोणीतरी सतत ताजी ठेवते आणि निरोप तिकडे वळवते. कुबरनेटिस नावाची जी व्यवस्था २०१४ मध्ये गूगलने खुली केली, तिच्या मुळाशी हीच वही आहे. वही शिळी झाली, की निरोप मेलेल्या प्रतीच्या दारात जाऊन पडतो.

नाव म्हणजे काय हवे आहे, पत्ता म्हणजे ते कुठे आहे, मार्ग म्हणजे तिथवर कसे जायचे, हा भेद जॉन शॉक ह्यांनी १९७८ साली संगणकजाळ्यांच्या संदर्भात मांडला. साहित्याच्या वर्गात संज्ञा आणि संज्ञित शिकवणाऱ्यांना तो परका वाटू नये. एरवी ह्या क्षेत्रातल्या लोकांची परिभाषा आम्हांला रुक्ष वाटते. पण ह्या एका भेदाबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत.

आपल्या टपालाला हे आधीच उमगले होते. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिन कोड सुरू झाला. त्याचे कर्ते श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी, आणि संस्कृतातले कवी व नाटककार. (सहा अंकांत देश बसवणाऱ्याला वृत्ताचा सराव असावा, हे आम्हांला फार शोभून दिसते.) पहिला अंक विभागाचा, पुढचे दोन त्याहून लहान प्रदेशांचे, शेवटचे तीन टपाल कचेरीचे. हिंगोलीचा ४३१५१३. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला तेव्हा जागचे न हलता आमचा जिल्हा बदलला. पिन मात्र तोच राहिला.

एक ते आठ हे अंक भूमीचे आहेत. नऊ हा अंक भूमीचा नाही. तो लष्कराचा. जवानाच्या पत्रावर गाव नसते. क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण आणि खाली 'मार्फत ५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ'. पत्र दिल्लीच्या किंवा कोलकात्याच्या लष्करी तळ टपाल कार्यालयात जाते. पलटण आज कुठे आहे हे तिथे ठाऊक असते, घरच्यांना ठाऊक नसले तरी चालते. पलटण हलली तरी आईने लिहायचा पत्ता तोच. आमच्या विद्यार्थ्यांना हे सांगितले तेव्हा ते हसले आणि म्हणाले, सर, आम्ही दुसरे काय करतो?

आता ज्यांना नऊ लाभला नाही त्यांच्याविषयी. दसरा-दिवाळी झाली की हिंगोली जिल्ह्यातल्या कितीतरी गावांतून कोयते बाहेर पडतात. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी; हिशेब तसाच होतो. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, आज ह्या फडात तर पंधरवड्याने त्या, कोपी मोडायची आणि पुन्हा उभी करायची. शाळेच्या पटावर मूल गावात असते, प्रत्यक्षात उसाच्या पाचटात. राज्याने दोन उपाय केले : हंगामी वसतिगृह काढून मुलाला गावातच ठेवणे, किंवा साखरशाळा काढून शाळाच मुलामागे नेणे. दुसऱ्या उपायाला आमच्याकडे जुना आधार आहे. नामदेवांना कीर्तनासाठी देवळामागे धाडले तेव्हा औंढ्याचे देऊळच त्यांच्याकडे फिरले, असे सांगतात. देवळाला जे जमले ते शाळेला क्वचितच जमते. धान्यापुरते काही घडले. २०१९ मध्ये सुरू झालेल्या 'एक देश, एक रेशनकार्ड' योजनेने शिधा गावच्या दुकानाला बांधलेला राहिला नाही.

मोबाइल यायच्या आधी आम्ही शेजारच्या एका म्हातारीची पत्रे तिच्या मुलाला लिहून देत असू. पत्त्यात मुलाच्या नावाखाली 'मार्फत' आणि मुकादमाचे नाव, मग कारखाना. टोळी तेवढ्यात दुसरीकडे गेली, की पत्र 'सदर इसम येथे नाही' असा शेरा घेऊन पंधरा दिवसांनी परत येई. मग म्हातारी मुकादमाच्या घरी जाऊन बसे. तिथे टोळीचा ठिकाणा नेहमी ताजा असे. कोणत्या जोडीने किती उचल घेतली आणि त्यातली किती फिटली, हे ज्या वहीत होते, त्याच वहीत ती जोडी आज कोणत्या फडात आहे हेही लिहिलेले असे.