एक बाजू संपेपर्यंत

डोंबिवली, कल्याण, ठाण्याच्या दोन खोल्यांच्या घरांत वाढलेल्या आमच्या पिढीला वॉकमन भेटला तो घरातली सामाईक वस्तू म्हणून. टीव्ही सगळ्यांचा, शिलाई यंत्र सगळ्यांचं, तसा वॉकमनही सगळ्यांचा. कुणाचा मामा मस्कतहून येताना आणायचा, कुणी मनीष मार्केटमध्ये घासाघीस करून घ्यायचं, कुणाकडे वडिलांच्या बोनसमधून साधा देशी प्लेअर यायचा. सोबत हेडफोन मात्र एकच. डोक्यावरून जाणारी पोलादी पट्टी आणि दोन टोकांना काळ्या स्पंजाच्या चकत्या. आजीपासून चौथीतल्या धाकट्यापर्यंत सगळ्यांनी तोच लावायचा. कोणती गाणी ऐकली हे आम्ही भावंडं भेटलो की निघतंच. पण त्याहून जास्त निघतं ते कुणाच्या कानाला काय टोचायचं, हे.

टेपरेकॉर्डर घरात आधीपासून होता. पण एक जण बारावीच्या अभ्यासाला बसलेला, काका रात्रपाळी करून झोपलेले, स्वयंपाकघरात आजीची पोथी चाललेली. अशा घरात मोठ्याने काही लावायचं तर सगळ्यांची सोय बघावी लागे. हेडफोन आला आणि भर घरात ज्याला त्याला आपापलं काही ऐकता येऊ लागलं. काकू भाजी निवडता निवडता वपुंचं कथाकथन ऐकायची. दादा पुलंची कॅसेट ऐकताना हसू दाबायचा, आणि कशाला हसतोय हे घरात कुणालाच कळायचं नाही. ताई सिनेमाची गाणी ऐकत वहीत उतरवून घ्यायची. एकट्याने ऐकणं म्हणजे काय, हे आम्हाला अशा भरल्या घरात कळलं.

या हलक्या हेडफोनची हकीकत पुढे वाचनात आली. सोनीचे एक संस्थापक मासारू इबुका यांना लांबच्या विमानप्रवासात संगीत ऐकायची आवड. त्यासाठी ते कंपनीचाच जड टेपरेकॉर्डर सोबत नेत. नुसतं ऐकण्यापुरतं छोटं यंत्र करून द्या, असं त्यांनी सहकाऱ्यांना सांगितलं. पत्रकारांसाठी बनवलेल्या छोट्या रेकॉर्डरमध्ये बदल करून वॉकमन तयार झाला आणि १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये विक्रीला आला. पण नुसतं यंत्र लहान करून भागण्यासारखं नव्हतं. तोवर संगीत ऐकायचे हेडफोन तीनशे-चारशे ग्रॅम वजनाचे असत, घरी खुर्चीत बसून वापरायचे. ते डोक्यावर चढवून कोण रस्त्याने चालणार? त्याच सुमारास कंपनीच्या दुसऱ्या विभागात ५० ग्रॅमच्या आतबाहेर वजनाचा हेडफोन आकाराला येत होता. या दोन वस्तू एकत्र आल्या म्हणून चालता चालता गाणं ऐकता आलं.

त्या पहिल्या वॉकमनला हेडफोनच्या पिना लावायला दोन जागा होत्या, शिवाय एक नारिंगी बटण. ते दाबलं की गाण्याचा आवाज खाली जाई आणि दोघांना हेडफोन न काढता एकमेकांशी बोलता येई. बरोबरच्या माणसाला बाजूला ठेवून एकट्यानेच ऐकणं बरं दिसत नाही, असं सोनीचे दुसरे संस्थापक अकिओ मोरिता यांना वाटलं, म्हणून ही सोय. आमच्याकडच्या यंत्रांना पिनेची जागा एकच होती. दोघांनी मिळून ऐकायचं तर हेडफोनची पट्टी ताणून एक चकती याच्या कानाशी, दुसरी तिच्या कानाशी धरायची. ज्या गाण्यात वाद्यं दोन बाजूंना वाटलेली असत, त्यात एकाला व्हायोलिन आणि दुसऱ्याला तबला जास्त ऐकू येई. मग कडवं संपलं की बाजू बदलायच्या.

हेडफोन एक आणि डोकी अनेक, त्यामुळे आम्हाला घरातल्या प्रत्येकाचा कान माहीत झाला. काकांचा चष्मा जाड काड्यांचा. चकती वरून दाबली गेली की काडी कानामागे रुतायची, म्हणून ते चष्मा काढून डोळे मिटून ऐकत. ताईच्या कुड्यांची फिरकी मागून टोचायची. तिने चकत्या कानाच्या किंचित पुढे सरकवून लावायची युक्ती काढली होती. धाकट्याला पट्टी सैल व्हायची. ती पूर्ण आत सरकवूनही हेडफोन मानेवर घसरायचा, तेव्हा आई त्याच्या डोक्यावर घडी केलेला रुमाल ठेवून वरून पट्टी बसवायची.

सगळ्यात कठीण काम आजीचं. तिच्या वरच्या पाळीत बुगड्या आणि मागे अंबाडा. पट्टी डोक्यावरून घेतली तर चकत्या बुगड्यांवर येत, मागून घेतली तर अंबाडा आड येई. शेवटी काकूने पट्टी हनुवटीखालून घेतली. ‘आता रुतत नाही गं,’ असं आजी म्हणाली तेव्हा घरातल्या सगळ्यांना हायसं वाटलं. मग तिने भीमसेनांचे अभंग ऐकले, गीतरामायण ऐकलं. १९५५ साली रामनवमीला पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं, तेव्हा ती शेजाऱ्यांच्या रेडिओसमोर दहा जणींत बसून ऐकत असे. बाबूजींचा तोच आवाज आता एकटीला, इतक्या जवळून ऐकू येत होता. ती मधेच थांबवून आम्हाला पुढच्या ओळीचा अर्थ सांगायची आणि पुन्हा ऐकायला लागायची.

पाळी कुणाची आणि किती वेळ, हे कॅसेटच ठरवायची. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासाची, नव्वदची पाऊण तासाची. ‘एक बाजू संपेपर्यंत माझा,’ हा घरातला कायदा. तो कानाच्याही सोयीचा होता. स्पंज कितीही मऊ असला तरी चकती कानाच्या कूर्चेला डोक्याकडे दाबतच असते, आणि अर्ध्या-पाऊण तासाने कान लाल होऊन दुखू लागतो. बाजू संपली की हेडफोन उतरायचा आणि कानाला आपोआप विसावा मिळायचा. आज गाणी संपतच नाहीत, त्यामुळे तो विसावा आपला आपण घ्यावा लागतो.

स्पंजाची उस्तवार वेगळीच. घामाने आणि खोबरेल तेलाने तो चिकट व्हायचा. साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून, न पिळता, कपड्याच्या दोरीवर वाळत घालायचा. एक-दोन पावसाळे गेले की त्याचा भुगा व्हायचा आणि केसांत काळे कण सापडायचे. नवी जोडी स्टेशनबाहेरच्या फेरीवाल्याकडे मिळे, नाहीतर कुणी ग्रँट रोडला जाणारा असला तर लॅमिंग्टन रोडहून. मिळेपर्यंत आईने आजोबांच्या जुन्या धोतराच्या तुकड्यांच्या खोळी शिवून चढवल्या. त्या स्पंजापेक्षा गार लागत आणि रोज धुता येत. मुंबईच्या दमट हवेत कानाला सुती कापडच सोसतं, हे आईने तेव्हाच दाखवून दिलं होतं.

नव्वदीत कानात घालायचे इयरफोन घरोघर आले. सोनीने ते १९८२ मध्येच आणले होते. डोक्यावरची पट्टी गेली, चष्मा आणि अंबाडा मोकळा झाला. पण ती टणक प्लास्टिकची बटणं एकाच मापाची, आणि कान तर प्रत्येकाचा निराळा. एकाच माणसाचे दोन कानही हुबेहूब सारखे नसतात. दादाच्या कानात ती घट्ट बसायची. ताईच्या कानात मावायचीच नाहीत, बळेच घातली तर कानाची कड दुखायची. आईच्या डाव्या कानात टिकायची, उजव्यातून पडायची. बारीक स्पंजाच्या टोप्या चढवल्या की पकड जरा बरी व्हायची. त्या टोप्या इतक्यांदा हरवत, की केर काढणाऱ्याला आधी ‘टोपी दिसली का बघ’ असं सांगावं लागे.

मग आम्ही नोकरीला लागलो आणि ऐकणं लोकलमध्ये सुरू झालं. बटण कानात नीट बसत नसलं की आधी खर्जाचा आवाज जातो. डग्ग्याचा घुमारा, तानपुऱ्याचा भरीवपणा निसटतो आणि गाणं पत्र्यासारखं पातळ लागतं. त्यात गाडीचा खडखडाट. हात आपोआप आवाजाच्या चाकाकडे जायचा. न बसणारा इयरफोन असा कानाला दोनदा त्रास देतो. बाहेरून टोचतो आणि आत आवाज वाढवायला लावतो. पुढे रबरी बोंडांचे इयरफोन आले, लहान-मध्यम-मोठी अशी तीन मापं डबीत देऊ लागले, तेव्हा पहिल्यांदा आपल्या कानाला आपलं माप मिळालं. बोंड बरोबर बसलं की बाहेरचा गोंगाट अडतो, खर्ज परत येतो आणि कमी आवाजात सगळं ऐकू येतं. म्हणूनच आरामदायक हेडफोन ही चैन नाही, ती कानाची राखण आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी घालून दिलेली मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास अशी आहे. आवाज जितका वाढेल तितके हे तास झपाट्याने घटतात.

वॉकमन गेला, सीडी आली, मग बोटभर प्लेअर, मग फोन. २०१० मध्ये सोनीने जपानमध्ये कॅसेटच्या वॉकमनचं उत्पादन थांबवलं. आज घरात माणसागणिक इयरफोन आहे आणि कुणाच्या कानाला काय टोचतं, हे दुसऱ्याला ठाऊक नसतं. ज्यांनी आमच्यासाठी खोळी शिवल्या, डोक्यावर रुमाल ठेवून पट्टी बसवली, ते आता पंचाहत्तरी-ऐंशीत आहेत. वयानुसार आधी बारीक, वरच्या पट्टीतले आवाज कमी होतात. ‘स’, ‘श’, ‘फ’ स्पष्ट येत नाहीत, शब्द कळत नाहीत. ते टीव्हीचा आवाज वाढवतात, घरातले वैतागतात आणि मग ते काही लावायचंच सोडून देतात.

माझ्या वयाच्या सगळ्या भावंडांना सांगणं एवढंच. आईवडिलांना फोनबरोबर आलेला इयरफोन देऊन मोकळे होऊ नका. आधी कानाच्या डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या. पुष्कळदा साठलेला मळ काढल्यानेच फरक पडतो. मग त्यांना दुकानात सोबत न्या आणि त्यांच्याच कानावर घालून बघा. चष्मा असेल तर चष्म्यासकट, कुड्या असतील तर कुड्यांसकट. श्रवणयंत्र लावत असतील तर संपूर्ण कान झाकणाराच हेडफोन घ्या. गादी कापडी असावी, पट्टीचा दाब हलका असावा, बटणं मोठी असावीत. निदान अर्धा तास लावून बसू द्या आणि कुठे टोचतंय का, हे विचारा. एका हेडफोनवर सगळं घर ऐकत होतं, तेव्हा हा प्रश्न त्यांनी आपल्याला न कंटाळता विचारला होता. आता तो आपण त्यांना विचारायचा आहे, आणि त्यासाठी फार दिवस थांबू नका.