ओट्याची परवानगी

धुळ्यात किंवा जळगावात ज्यांचं लहानपण भाड्याच्या दोन खोल्यांत गेलं, त्यांना घरमालकाचा खाकरा अजून ओळखू येईल. मालक पुढच्या दारी, बिऱ्हाडं मागच्या चौकात. मालकांना आम्ही नाना, आप्पा नाहीतर भाऊ म्हणायचो. काकू भरताची वाटी पाठवायच्या आणि त्याच आठवड्यात नानांच्या वकिलाची नोटीसही यायची. वाटी रिकामी परत करायची नसते, म्हणून आई त्यात बिबड्या घालून द्यायची. नोटिशीचं उत्तर वडील वेगळं द्यायचे.

गंमत अशी की धुळे शहर वसलं ते फुकट जागांवर. 1819 मध्ये इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्जने नवी पेठ आखली तेव्हा लोकांनी यावं म्हणून घरासाठीच्या जागा कायमच्या बिनभाड्याने दिल्या, वर बांधायला उचलही दिली. पुढे त्याच गावात नंबराच्या गल्ल्यांमधून आमचे आईवडील 'खोली आहे का' विचारत फिरले.

भांडणाचं मूळ माणसांत कमी आणि 1947च्या भाडे नियंत्रण कायद्यात जास्त होतं. 1 सप्टेंबर 1940 रोजी जे भाडं होतं, किंवा नंतर जागा पहिल्यांदा दिली तेव्हा जे ठरलं, तिथेच ते बांधलं गेलं. डाळ वाढली, पगार वाढला, भाडं तिथंच. मातीचं धाबं गळायला लागलं की नाना म्हणायचे, तुमच्या भाड्यात खाऱ्या मातीची गाडी तरी येते का? तेही खोटं नव्हतं. पण पातेली आमच्या गादीशेजारी लागायची.

मग नाना भाडं घेईनासे व्हायचे. भाडं थकलं की खाली करा म्हणता येतं, म्हणून. वडील पोस्टात जाऊन त्याच भिंतीपलीकडच्या माणसाला मनीऑर्डर करायचे. पोस्टमन आमच्या दारावरून पुढच्या दारी जायचा, 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन परत यायचा. ती पावती विम्याच्या कागदांसोबत ट्रंकेत. भाड्यापेक्षा तिलाच जास्त किंमत होती.

उन्हाळ्यात जळगावात पारा चव्वेचाळीसच्या पुढे गेला की सगळा तंटा गच्चीच्या किल्लीवर यायचा. कुरडया आधी कोणाच्या वाळणार, रात्री अंथरुणं कोण टाकणार. किल्ली काकूंच्या कमरेला. त्यांची मर्जी राखायला शेवया वळायला आमच्या आया जायच्या, हे कुठल्याच दाव्यात नोंदलेलं नाही.

पण खरा प्रश्न ओट्याचा. गॅस आला, शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर हवी, म्हणजे उभ्याने स्वयंपाक. तर भाडेकरूने मालकाच्या लेखी परवानगीशिवाय पक्कं बांधकाम केलं की जागा सोडावी लागण्याचं ते एक कारण होतं. नाना लेखी देणार नाहीत, कारण दिलं की हे लोक मूळ धरणार. यावर घरोघरी एकच तोड निघाली. दोन बाजूंना विटा नुसत्या रचायच्या, सिमेंटचा थेंब नाही, वर कडप्पा ठेवायचा. कळण्याच्या भाकरीसाठी पीठ मळताना तो डुगडुगायचा, म्हणून आई पोटाने रेटून धरायची. नाना मीटर बघायला आले की विटांच्या सांध्यात नजर टाकून जायचे. एका वर्षी उंदरांमुळे वडिलांनी मागची फट मातीने लिंपली, तर त्यावर पंधरा दिवस बोलणी चालली.

1999चा नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 31 मार्च 2000 पासून लागू झाला. भाडं दरवर्षी चार टक्के वाढवायची मुभा मालकाला मिळाली. तोवर आम्ही बहुतेक जण गावाबाहेरच्या प्लॉटवर घरं बांधून गेलो होतो आणि वरचा मजला अकरा महिन्यांच्या कराराने द्यायलाही लागलो होतो. भाडेकरूंना खिळा ठोकू नका हे आम्हीच सांगतो, आणि पटकन सांगतो.

त्याच कायद्यात एक खुलासा आहे. लागेल तिथे नगरपालिकेची परवानगी घेऊन केलेला स्वयंपाकाचा उभा ओटा, लाकडी पडदी, हवेसाठी उघडलेली खिडकी, हे पक्कं बांधकाम समजायचं नाही. आईला हे वाचून दाखवलं. तेव्हा तिच्या नव्या घरात ग्रॅनाइटचा ओटा होता. तिने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि उंदरांच्या फटीचं काय लिहिलंय?"