कारभारी

होम थिएटरच्या हौसेचं घर असलं की टीपॉयवर रिमोटांची गर्दी ठरलेली: टीव्हीचा, सेट-टॉप बॉक्सचा, ब्लू-रे प्लेअरचा, एव्ही रिसीव्हरचा. या सगळ्यांना खणात पाठवून एकट्याने संसार हाकणारा कारभारी म्हणजे हार्मनी हा युनिव्हर्सल रिमोट. मूळचा कॅनडातल्या मिसिसागाचा. तो बनवणाऱ्या तिथल्या एका छोट्या कंपनीला 2004 साली लॉजिटेकने विकत घेतलं, आणि त्याचं नाव जगभर झालं.

युनिव्हर्सल रिमोट त्याच्याही आधी होते. फिलिप्सने 1985 साली मॅग्नवॉक्स या नावाने पहिला आणला. पण त्यांतल्या बहुतेकांना आधी टीव्ही निवडा, मग रिसीव्हर निवडा, असं सांगत बसावं लागे. हार्मनीच्या 650 या मॉडेलच्या माथ्यावर मात्र टीव्ही पाहायचाय, सिनेमा पाहायचाय, गाणी ऐकायचीत, एवढीच विचारपूस करणारी बटणं आहेत.

सिनेमाचं बटण दाबलं की तो कामाला लागतो. टीव्ही लाव, रिसीव्हर लाव, प्लेअर लाव, मग ज्याला त्याला योग्य इनपुटवर आण. हे सारं अवरक्त प्रकाशात, सेकंदाला साधारण 38 हजार वेळा लुकलुकत. आपल्याला तो प्रकाश दिसत नाही. मोबाइलचा सेल्फी कॅमेरा त्याच्या तोंडाशी धरला, तर बहुतेक वेळा फिकट जांभळा ठिपका फडफडताना दिसतो. या काही सेकंदांत त्याला उपकरणांकडे रोखून धरायचं असतं. हात मध्येच खाली आला, की टीव्ही लागतो आणि रिसीव्हर थंडच राहतो. पाहुण्यांचं हमखास इथेच अडतं.

मला तो आवडतो तो त्याच्या स्मरणशक्तीमुळे. तो ज्यांच्याशी बोलतो, त्यातलं कुणीही त्याला उत्तर देत नाही. टीव्ही खरोखर लागला का, हे कळायला त्याला मार्गच नाही. म्हणून कोण चालू, कोण बंद, कोण कुठल्या इनपुटवर, याचा हिशेब तो स्वतःशी ठेवतो. मध्येच कुणी उठून टीव्ही हाताने बंद केला की हिशेब चुकतो. मग हेल्पचं बटण दाबायचं. रिमोटच्या छोट्या पडद्यावर प्रश्न येतो: टीव्ही चालू आहे का? नाही म्हटलं की तो तेवढाच टीव्ही लावतो, बाकी कुणाला हात लावत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांनाही यात धीर वाटतो.

लॉजिटेकने 2021 च्या एप्रिलमध्ये त्याचं उत्पादन थांबवल्याचं जाहीर केलं, याचं मला वाईट वाटलं. आता एचडीएमआय केबलमधून उपकरणं आपसात बोलतात खरी, पण सगळ्यांचं सगळ्यांशी जमतं असं नाही. अशा रिमोटची गरज उरलीच आहे. तो निवडताना मी आधी बघतो, की माझ्या उपकरणांना चालू आणि बंद करण्याचे वेगवेगळे कोड तो पाठवू शकतो का. दोन्हीला एकच कोड असला, तर आधीच चालू असलेला टीव्ही 'लाव' म्हटल्यावर बंद होतो. मूळ रिमोट समोर धरून त्याचे कोड शिकवता यावेत. आणि बटणं खरी हवीत, अंधारात बोटांना सापडणारी. आवाज कमी करायला पडद्यावरून नजर काढावी लागत असेल, तर तो रिमोट मी घेणार नाही.