माकडहाडाची कैफियत

गुडघा दुखणारा मनुष्य ‘गुडघा’ म्हणतो, दात दुखणारा ‘दात’ म्हणतो. माकडहाड दुखणारा मात्र माझ्यासमोरच्या खुर्चीत एका अंगावर कलून बसतो, ‘कंबर’ म्हणतो, आणि नेमकी कोठे असे विचारताच त्याची नजर खिडकीबाहेरच्या वाहनतळाकडे वळते. मुंबईच्या केईएममध्ये फिजिओथेरपीचे शिक्षण घेऊन, येथील परवान्याची परीक्षा देऊन, न्यू जर्सीतील पार्सिपनी गावी मी हा व्यवसाय करू लागले त्याला आता एकवीस वर्षे होत आली. ऐंशी आणि दोनशे सत्त्याऐंशी क्रमांकांचे महामार्ग जेथे परस्परांस छेदतात त्या परिसरातील कचेऱ्यांतून आणि लेक हायवाथाच्या घरांतून येणारे माझे रुग्ण मराठी, गुजराती, तेलुगू असे नाना भाषांचे असले, तरी या एका दुखण्याच्या बाबतीत त्या सर्वांची लज्जा एकाच मातृभाषेतली आहे.

या लज्जेला शब्दानेही हातभार लावला आहे. पाठीच्या कण्याच्या अगदी शेवटी, तीन ते पाच लहानग्या मणक्यांच्या जुळणीने झालेल्या या हाडात ग्रीक वैद्यांना कोकिळेच्या जातीतील एका पक्ष्याची चोच दिसली आणि त्यांनी त्याला त्या पक्ष्याचेच नाव दिले. मराठीने मात्र तेथे माकडाला बोलावले, आणि तेव्हापासून तो शब्द उच्चारणारा व ऐकणारा असे दोघेही हसू दाबतात. वास्तविक हसण्याजोगे त्यात काही नाही. एडिंबरोच्या ज्या जेम्स यंग सिम्प्सनने क्लोरोफॉर्मची गुंगी प्रसूतिगृहात आणली, त्यानेच १८५९ साली या वेदनेला वैद्यकीय नाव दिले. आणि ते प्रसूतिवैद्याने द्यावे हेही स्वाभाविकच होते, कारण बाळंतपणात हे हाड मागे रेटले जाते, आणि पुरुषांच्या मानाने स्त्रियांत हे दुखणे सुमारे पाचपट आढळते.

बसणे म्हणजे शरीराचा भार तिवईवर ठेवणे होय. तिवईचे पुढचे दोन पाय म्हणजे दोन बाजूंच्या आसनास्थी आणि मागचा एक पाय म्हणजे माकडहाड; मनुष्य ताठ अथवा किंचित पुढे झुकून बसला तर भार पहिल्या दोहोंवर पडतो, परंतु तो मागे रेलला, घसरत घसरत अर्धवट निजल्यासारखा झाला, की त्या तिसऱ्या, सर्वांत किरकोळ पायाकडून वजनाची सगळी वसुली सुरू होते. जुन्या पेढीवर गादीवर बसून उतरत्या मेजावर दिवसभर खतावणी लिहिणारा मुनीम पुढे वाकलेला असे. मागच्या लोडाला रेलण्याचा अधिकार मालकाचा. मुनिमाची मान आणि पाठ यांची गोष्ट वेगळी, पण निव्वळ माकडहाडापुरता निवाडा करायचा झाला तर नोकराची बैठक धन्याच्या बैठकीहून शहाणपणाची होती, असे माझे मत आहे.

या प्रकरणी माझ्याकडूनही कसूर झालेली आहे. व्यवसायाच्या आरंभीच्या काळात, रोज बसने मॅनहॅटनला जाऊन दिवसभर संगणकापुढे बसणारे एक गृहस्थ ‘कंबर’ घेऊन माझ्याकडे आले, आणि मी तो शब्द प्रमाण मानून सहा आठवडे त्यांच्या कमरेला व्यायाम देत राहिले. उतार पडेना. अखेर एके दिवशी ते खुर्चीतून उठताना मी प्रथमच नीट पाहिले: उठण्याच्या त्या एका क्षणी चेहरा पिळवटला आणि उभे राहताच निवळला. मी त्यांना म्हटले, “एका बोटाने जागा दाखवा.” त्यांनी क्षणभर थांबून दाखवली, बोट कमरेच्या चांगले वीतभर खाली टेकले. मग हिवाळ्यात दारापुढच्या गोठलेल्या पायरीवर घसरून बसकण मारल्याची हकीकतही निघाली. “हे आधी का सांगितलं नाहीत?” असे मी विचारले, तर ते म्हणाले, “तुम्ही विचारलंच नाहीत, मॅडम.” त्या दिवसापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक कमरेला मी बोट मागते.

दुसरी अडचण चित्राची. वेदना होते बसल्यावर, आणि क्ष-किरण चित्र काढतात निजवून किंवा उभे करून. त्यात हाड निर्दोष दिसते, आणि घरची माणसे ‘चित्रात तर काही नाही’ असा निर्णय देऊन प्रकरण दप्तरदाखल करतात. पॅरिसच्या डॉ. मेन्य यांनी ही विसंगती ओळखून, एक चित्र उभ्याने आणि दुसरे वेदना होईल त्याच स्थितीत बसवून, अशी दोन चित्रे ताडून पाहण्याची पद्धत रूढ केली. बसल्यावर माकडहाड साधारणतः पाच ते पंचवीस अंश लवते. काहींत ते त्याहून अधिक लवते, तर काहींत सांध्यातून मागे सरकते, आणि उभे राहताच मुकाट्याने पूर्वस्थळी येते. येथून जवळच नेवार्कला, रटगर्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात, डॉ. पॅट्रिक फॉय यांनी केवळ या एका हाडाच्या वेदनेसाठी केंद्र चालविले आहे. एवढ्याशा हाडाला स्वतंत्र कचेरी मिळाली, हे मला न्यायाचे वाटते.

परंतु या गावातले माझे सर्वांत आवडते रुग्ण म्हणजे सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेली वडीलधारी मंडळी. साताऱ्याच्या एका आजींना त्यांची सून घेऊन आली आणि ‘आईंची कंबर’ असे सांगून फोन घ्यायला बाहेर गेली, दार लागताच आजी म्हणाल्या, “अगं, कंबर कसली! पार खाली दुखतंय. पण सुनेपुढं काय सांगायचं?” मी दिनक्रम विचारला. “तिकडं मी बसत होते कुठं? देऊळ, अंगण, भाजी, शेजार. इथं बाहेर बर्फ, आणि आत तो सोफा. बसलं की माणूस बुडतं.” मऊ आसनात मनुष्य बुडतो तेव्हा श्रोणी मागे कलंडते आणि हाडाच्या टोकावर भार येतो, हे शास्त्र आजींनी चार शब्दांत सांगितले होते. मी त्यांना सोफ्यावरून उठवून जेवणाच्या मेजाजवळच्या लाकडी खुर्चीवर बसविले, मागची बाजू कापलेली पाचरीच्या आकाराची उशी दिली, आणि दर अर्ध्या तासाला उठून घरात एक फेरी मारण्याचा हुकूम सोडला. उठताना आधी पुढे झुकावे आणि मग पायांवर जोर द्यावा, एवढे मात्र चार वेळा करून घ्यावे लागले.

उशीबद्दल सांगितलेच पाहिजे. मध्ये भोक असलेली गोल उशी लोक हौसेने घेतात. माझ्या अनुभवात तिची मागची कड नेमकी दुखऱ्या जागेखाली येते. शेक, बद्धकोष्ठ होऊ न देणे, ओटीपोटाच्या तळाशी आखडलेले स्नायू सैल करण्याचे व्यायाम, इतक्यावर बहुतेकांचे भागते; काहींना इंजेक्शन लागते, आणि हाड काढण्याची शस्त्रक्रिया हा अगदी शेवटचा इलाज. मात्र त्या जागी गाठ, पू अथवा ताप असेल तर ते प्रकरणच निराळे. दुसऱ्या महायुद्धात जीपगाड्यांतून धक्के खाणाऱ्या सुमारे ८० हजार अमेरिकी सैनिकांना तेथील केसांच्या नाडीव्रणाने रुग्णालयात धाडले होते, आणि त्यावर उशीचा उपाय नाही. रात्री निजल्यावरही दुखत असेल, वजन घटत असेल, तर माझ्याकडे न येता आधी डॉक्टरांकडे जावे.

हा अंक हाती धरून आपण या क्षणी कोणत्या आसनावर कसे रेललेले आहात, हे मला दिसत नाही. पण दुखत असेल तर ‘कंबर’ म्हणू नका. बोट ठेवून दाखवा. आणि उपचारांनी उतार पडला नाही, चित्र काढण्याची वेळ आलीच, तर तंत्रज्ञाला आठवणीने सांगा की मला बसवून चित्र काढा.