अर्धें राज्य

ज्या खेळांत घाई करणाऱ्याला कांहींच लाभत नाहीं, असा खेळ या यंत्रयुगांत कोणी काढील, हें सांगून कोणास खरें वाटेल? परंतु असा एक खेळ आहे, आणि रोज रात्रीं जेवणानंतरचा अर्धा तास मीं त्याला वाहिला आहे.

‘ड्रॅगन क्वेस्ट’ हें त्याचें नांव. यूजी होरी यांनीं तो रचला आणि १९८६ सालीं तो जपानांत प्रसिद्ध झाला. चित्रें अकिरा तोरियामा यांचीं, संगीत कोइची सुगियामा यांचें. मूळचा सारा खेळ अवघ्या ६४ किलोबाइटांत मावला होता. आज मोबाइलवर काढलेलें एक छायाचित्रही त्याहून कितीतरी अधिक जागा अडवितें. आतां तो मोबाइलवरही मिळतो, आणि माझ्या मुलीनेंच तो मला घालून दिला.

येथें हातघाई नाहीं. आपला एक वार, मग शत्रूचा एक वार, अशी बुद्धिबळासारखी पाळी असते. शस्त्र उगारण्यापूर्वीं खुशाल विचार करावा! तरुणांच्या धांवत्या खेळांत माझीं बोटें मागें पडतात. येथें त्यांना कोणी हिणवीत नाहीं.

राजवाड्याबाहेर पाऊल टाकतांच पाण्यापलीकडे शत्रूचा किल्ला दिसतो. मुक्काम डोळ्यांपुढें असतो, पण तेथें पोहोंचावयास सारा मुलूख पालथा घालावा लागतो. मूळ खेळांत ‘स्लाइम’ नांवाचा थेंबासारखा प्राणी मारला, कीं अनुभवाचा एक गुण मिळे. असे ७ गुण झाले म्हणजे नायक दुसऱ्या पायरीवर चढे. मरण आलें, तर तो पुन्हां राजापुढें उभा राहतो. गांठचें निम्में सोनें जातें, अनुभव मात्र एका गुणानेंही घटत नाहीं. हा न्याय मला फार आवडला. तीस वर्षें मी वर्गांत त्याच कविता शिकवीत आलों. पुढच्या पायरीला किती गुण उरले, हें मला कोणत्याही पडद्यानें सांगितलें नाहीं. परंतु पहिल्या वर्षीं जी ओळ घाईघाईनें समजावून देत होतों, ती वाचून आतां क्षणभर गप्प राहतां येतें, एवढें खरें.

गेल्या वर्षीं एका शिकवणीवर्गाच्या चालकांनीं मला दुप्पट वेतन देऊं केलें. कविता शिकवावयाच्या नाहींत, परीक्षेचीं तयार उत्तरें तेवढीं लिहून द्यावयाचीं. गृहस्थ सभ्य होते, आणि मुलीच्या शिक्षणासाठीं काढलेलें कर्ज माझ्या डोक्यावर होतें. त्याच दिवसांत मी खेळाच्या अखेरीस पोहोंचलों. ड्रॅगनांचा तो अधिपति लढण्याआधीं विचारतो, माझ्या बाजूला येतोस का? अर्धें जग तुझें! पडद्यावर होकार-नकाराचे दोन शब्द आपली वाट पाहत असतात. मूळ खेळांत होकार देणाऱ्याची कथा तेथेंच संपे.

आमच्या आजीच्या गोष्टींतलें अर्धें राज्य पराक्रम केल्याबद्दल मिळे. हें पराक्रम टाकून दिल्याबद्दल मिळतें. भाषा तीच, म्हणून माणूस फसतो.

मीं नकारावर बोट ठेवलें, तेव्हां अंगांत वीरश्री वगैरे कांहीं संचारली नाहीं. पुढें लढाई होती, तीही एकट्याची, आणि पहिल्या दोन खेपांस मी हरलों. शिकवणीवर्गालाही मीं नम्रपणें नाहीं म्हणून कळविलें. कर्जाचे हप्ते अजून चार वर्षें चालतील. माझ्या नोकरीचींही तितकींच वर्षें उरलीं आहेत. दोन्ही बरोबरच संपतील, असा माझा अदमास आहे.